मिठाचं दार

माझ्या जिभेला टोक नाही. दात येत होते त्या वयात ते मी स्वतःच चावून टाकलं, असं आई सांगते, आणि सांगताना अजूनही माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिला न विचारता काही खाल्लं असावं. बोलताना माझी जीभ अडखळते त्याचं कारण एवढंच. गावात पुष्कळांना वाटतं की मी ऐटीत तसं बोलतो.

मला दुखत नाही. सहन होतं, धीर मोठा आहे, असलं काही नाही, दुखतच नाही. बोट कापलं की रक्त दिसतं, चटका बसला की कातडी फुगलेली दिसते, हाड मोडलं की पाय नको तिकडे वळलेला दिसतो. दिसतं सगळं, कळत काही नाही. नाकाचंही तेच. फोडणी, गटार आणि मोगरा मला एकाच लायकीचे. ऐकणाऱ्याला वाटतं, काय नशीबवान गडी आहे! तर या नशीबवान गड्याचं ध्यान असं: डावा गुडघा कायमचा वाकडा, उजव्या हाताची दोन नखं गेलेली, कोपराला भाजल्याचा डाग, आणि चाल अशी की एसटीत चढलो की कंडक्टर न मागता अपंगांची सीट रिकामी करून देतो.

आमचं गाव अकोटपासून जवळच. शाळेत गुरुजींच्या छडीला सगळी पोरं कापायची. मी मात्र हात पुढे करून गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहायचो. गुरुजींना वाटे, हा माजोरी आहे, म्हणून ते आणखी मारत. मला वाटे, दमले की थांबतील. एकदा आईनं माझे तळहात पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "मार बसला का वरडत जाय ना बाप्पा," ती म्हणाली, "बाकीची पोट्टी वरडतात तसा."

मग मी बाकीच्या पोरांचा अभ्यास केला. कोण "अवो माय" म्हणतं, कोण हात काखेत दाबतं, कोण एका पायावर नाचतं, सगळं पाठ केलं. फक्त वेळ साधेना. एकदा छडी अजून वरच होती आणि मी "अवो माय!" म्हणून बोंब ठोकली. वर्ग हसला, गुरुजींनाही हसू आवरेना, आणि त्यांनी छडी टेबलावर ठेवून दिली. माझ्या आयुष्यातला हा एकमेव गाजलेला अभिनय, आणि तोही चुकलेला.

संध्याकाळी दिवा लागला की आई मला ओसरीत बसवून माझं अंग तपासायची. आधी तळपाय, मग बोटांच्या बेचक्या, मग गुडघे, कोपर, डोकं. कापसाच्या पराटीचा खुंट घुसलेला असे, बाभळीचा काटा मोडलेला असे, एकदा तर बांगडीची काच निघाली. बाकीच्यांचं अंग त्यांना जे फुकट सांगतं ते माझ्या आईला शोधून काढावं लागे. पदराला लावलेली सेफ्टीपिन काढून ती काटा कोरायची आणि कोरताना "स्स्, स्स्" करायची. मी शेंगदाणे खात असायचो. मला वाटायचं, सेफ्टीपिनच तसा आवाज करते.

मोठा झालो तशी माझी कीर्तीही वाढली. सप्ताहात कीर्तनाला बसलो की बाकीचे दर घटकेला मांडी बदलत. पायाला मुंग्या येतात, ढोपर दुखतं, म्हणून माणूस हलतो. मला कोण सांगणार? मी बसलो की बसलो. शेजारच्या एका म्हातारीला ही समाधी वाटली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आरती झाली तेव्हा मला उठताच येईना. साधुपुरुषाला दोघांनी धरून उठवलं आणि बैलगाडीत घालून घरी पोचवलं. तेव्हापासून मी शेजाऱ्यावर नजर ठेवून बसतो. त्यानं मांडी बदलली की मीही बदलतो. माझं अर्धं आयुष्य असं दुसऱ्याच्या अंगावर चाललेलं आहे.

वडील गेल्यावर नुसत्या शेतीवर भागेना. कापसाला भाव नव्हता आणि बोंडअळीला भूक होती. मी अकोटला एका कृषी केंद्रात कामाला लागलो. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणत. फवारणीच्या औषधांच्या वासानं त्यांच्याकडे माणूस टिकत नसे. कोणाचं डोकं चढे, कोणाला उलटी होई. माझी हकीकत ऐकून चाचा खूश झाले. "अबे, तुझ्यासाठीच तर अल्लानं हे दुकान बनवलं," ते म्हणाले. "बैठ जा काउंटरपे."

बसलो. पण गिऱ्हाईक खोट्या मालाला भ्यायलेलं असे. जो तो बाटलीचं बूच काढून वास घ्यायचा आणि मग बाटली माझ्या नाकाला लावायचा: "पाय बरं, असली हाय का?" मी वास घेऊन नाक मुरडायचो, डोळे बारीक करायचो, वर "जहाल आहे" असं सांगायचो. एका शेतकऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "ह्या बाटलीत म्या घरून पानी आनलं होतं, तोंड धुवाले." चाचा त्या दिवशी गल्ल्यावर डोकं टेकून हसले. पुढे औषधाचा एक डबा माझ्या मागेच गळत होता आणि मी त्याला टेकून दुपारचा डबा खात होतो, तेव्हा मात्र ते हसले नाहीत. त्यांनी मला बाहेर ओढलं, नळाखाली धरलं आणि नंतर काउंटर दाराबाहेर ओट्यावर मांडला. "तुले कळत नाही म्हणून औषधाले कळत नाही असं नसते, बेटा," ते म्हणाले.

त्या वर्षांत लोक माझ्याशी एक वाक्य सारखं बोलत. आधी ते थट्टेत असे. "तुलंच बरं हाय बाबू, काईच दुखत नाई." पुढे पुढे त्यातली थट्टा निघून गेली. पारावर बसलेली माणसं तेच वाक्य जमिनीकडे बघत बोलायची. "आमाले बी दे ना थोडंसं." मला राग यायचा. वडील गेले तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. तेवढं मलाही दुखतं, पण तिथून रक्त निघत नाही, म्हणून कोणी धरत नाही.

पाहणीची पथकंही यायची. साहेब लोक बांधावर उभे राहून बोंड फोडून अळी बघायचे. दुकानात राहून मला थोडं शुद्ध बोलता येऊ लागलं होतं, म्हणून गावानं मला पुढे केलं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय जाणवतं?" मागून आवाज आला, "साहेब, याले नोका इचारू. याले जन्मापासून काईच जाणवत नाई." सगळे हसले. गाव बऱ्याच दिवसांनी हसत होतं, म्हणून मीही हसलो.

लग्न जमेना. तो काळच असा की शिपायाला मुलगी मिळे, शेतीवाल्याला मिळत नसे. माझ्याकडे शेती होती आणि वर गुडघा. शेवटी तेल्हाऱ्याकडच्या मामानं आपली मुलगी दिली. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. मामानंही तो मानला, पण उसासा टाकून. मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले मालूम तरी हाय हा. दुसरा कसा निंगन, कोनाले ठाव?" यापेक्षा मोठी स्तुती माझी आजवर कोणी केलेली नाही.

सासवा सुनेच्या हाती किल्ल्या देतात. आईनं तिच्या हाती सेफ्टीपिन दिली.

पुढच्याच वर्षी मला ठेच्यानं वाचवलं. तिखट मला लागत नाही. इतरांच्या डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा मी लोणच्यासारखा खातो. एका दुपारी मी ठेच्याला हात लावला नाही. भूक नव्हती, एवढंच. बायकोनं ताटाकडे बघितलं, मग माझ्या कपाळाला हात लावला, आणि भाकर तव्यावर तशीच टाकून मला अकोल्याच्या बसमध्ये बसवलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझं पोट दाबलं.

"दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"मग त्रास काय आहे?"

"ठेचा नाही खाल्ला," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, गॅस असेल. बायकोला सहावा महिना होता. ती पोट सावरत पुढे झाली आणि म्हणाली, "डाक्टरसाहेब, याले कापलं तरी हा नाईच म्हनन. तुमी याले नोका इचारू, मशीन लावून याच्या पोटाले इचारा." मशीन लावलं तर अपेंडिक्स आतल्या आत फुटलेलं. मला टेबलावर नेताना डॉक्टरच घाबरले होते. मी त्यांना धीर देत होतो, हे आठवलं की आज माझी मलाच लाज वाटते.

बरा झाल्यावर त्यांनी आम्हाला अमरावतीला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. माझं रक्त तपासायला कुठेतरी लांब गेलं, आणि ते परत आल्याचं कळल्यावर आम्ही तिघं, मी, आई आणि बायको, त्यांच्यासमोर बाकावर बसलो. बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. दुखल्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसा असतात, त्या म्हणाल्या, आणि त्या नसांना बारीक दारं असतात. दारातून सोडियम आत शिरलं की बातमी पुढे जाते. अशी बरीच दारं असतात. त्यातलं एक तुमच्यात जन्मतःच बसलेलं नाही. नाकातही तेच दार लागतं, म्हणून वास नाही. बाकीची आहेत, म्हणून हात लावलेला कळतो, गार-गरम कळतं.

"मग ती बाकीची दारं हे काम करत नाहीत?" मी विचारलं. एक माणूस रजेवर गेला की दुसऱ्यानं त्याचं टेबल बघायचं, एवढी नोकरीतली समज मला होती.

बाई हसल्या. "शरीर गप्प बसत नाही, आपल्या परीनं जुळवून घेतं," त्या म्हणाल्या. "पण ते तुमच्या सोयीनं जुळवून घेईल असं नाही. एक दार नाही म्हटल्यावर काहींचं शरीर आतल्या आत अफूसारखं द्रव्य जास्त बनवतं, असं दिसतंय. म्हणजे होती नव्हती ती बातमीही झोपते. त्यावर अजून शोध चालू आहेत."

म्हणजे जी उणीव होती ती भरून काढायला माझ्या शरीरानं जे केलं, त्यानं ती दुप्पट झाली. माझा स्वभाव कुठून आला ते मला तेव्हा कळलं.

आईनं मात्र दोनच शब्द उचलले होते. पहिला अफू. "आमच्या घरात कोनी तंबाखू बी खात नाई, बाई," ती दुखावून म्हणाली. दुसरा सोडियम. ते काय असतं, तिनं विचारलं. मिठात असतं तेच, बाई म्हणाल्या. आईचा चेहरा उतरला. ती बारीक आवाजात म्हणाली, "हा पोटात होता तवा माहे पाय सुजत होते. सासूनं मीठ तोडलं होतं माह्यं. म्या अळनी खाल्लं." बाईंनी तिचा हात धरून सांगितलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आईनं मान हलवली. पण एवढी वर्षं जे कारण तिला सापडत नव्हतं ते सापडलं होतं, आणि ते ती आता कोणाला देणार नव्हती.

मग बाईंनी विचारलं, "लग्न नात्यातलं आहे का?"

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. बाई जरा जपून बोलल्या. हे दोन्ही बाजूंनी यावं लागतं. आईकडून एक बिघडलेलं जनुक आणि वडिलांकडून एक. मामाच्या घरात ते असू शकतं. बाळात येईलच असं नाही, येणारच नाही असंही सांगता येत नाही. बायकोनं पोटावरचा पदर सारखा केला. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. 

घरी आल्यावर आईनं सुनेच्या ताटात मीठ वाढवलं. नातवंडाचं दार तिला मिठानं उघडायचं होतं. भाजीत दुप्पट, वरणात दुप्पट, ताकातही चिमूटभर. बायको आत्याचं मन मोडू शकत नव्हती. ती वाटी खाली ठेवायची आणि आई वळली की माझ्याकडे सरकवायची. शेवटचे ते महिने मी खारट भाजीवर काढले. तरी एका तपासणीत सिस्टरनं तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून मिठाची चौकशी केली आणि घरी येऊन आईला चार शब्द सुनावले. आई चुलीपाशी बसून रडली. "अळनी खाल्लं तरी माहंच चुकलं अन् खारट खाऊ घातलं तरी माहंच," ती म्हणाली. 

मुलगी झाली. पहिली सुई टोचली तेव्हा ती रडली. मामानं लगेच पेढ्यांची भाषा काढली. पण ती सुईच्या आधीच रडत होती, कपडे काढले म्हणून. दुसऱ्या वेळी ती भुकेली होती. रडणं हा पुरावा नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी स्वतः छडी पडायच्या आधी रडलेला माणूस. लोक म्हणाले, चिमटा काढून बघ. मी तिचा दंड दोन बोटांत धरायचो आणि सोडून द्यायचो. चिमटा किती काढायचा असतो, ते मला माहीतच नव्हतं.

खरी परीक्षा दाताची, हे आईला आणि मला ठाऊक होतं. माझ्या जिभेचं टोक त्याच दिवसांत गेलं होतं. दुसऱ्यांच्या घरी पहिला दात दिसला की कौतुक होतं. आमच्या घरी रोज सकाळी आम्ही तिघं तिच्या हिरड्या बघून सुटकेचा निःश्वास टाकत होतो. आईनं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून तिच्या दोन्ही मुठींना बांधल्या होत्या. जिभेला काय बांधणार? 

दात आला तेव्हा घरात कापूस होता. भाव चढेल म्हणून सगळ्या गावानं घरात भरून ठेवला होता, तसा आम्हीही. पुढची खोली छतापर्यंत पांढरी, आणि त्यातल्या किडीनं घरभर खाज. खाजवत बसलेली माणसं त्या हिवाळ्यात गावभर दिसायची. मीच काय तो स्वस्थ, आणि त्यावरूनही शिव्या खायचो. खालच्या हिरडीत दोन पांढरे ठिपके दिसले. आई म्हणाली, पिशव्या आणखी घट्ट बांध. बायको म्हणाली, "नाई. सोडते मी आत्या. किती दिवस बांधून ठेवसान? जे असन ते असन." आणि तिनं गाठी सोडल्या.

आम्ही तिला कापसावर बसवलं आणि समोर बसलो. तिनं आपली मोकळी बोटं पाहिली. खूश झाली. दोन बोटं तोंडात घातली, चोखली, आणि चावली.

काही झालं नाही. तिनं आमच्याकडे बघितलं. बायकोनं माझा हात धरला होता. किती जोरात, ते मला नंतर नखांच्या खुणांवरून कळलं.

मग तिचा खालचा ओठ बाहेर आला. चेहरा आक्रसला. तिनं बोटं बाहेर काढून त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनीच दगा दिलाय, आणि जो टाहो फोडला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या बायका धावत आल्या. त्यांनी काय पाहिलं? पोर गळा काढून रडतंय, आणि आई, बाप, आजी समोर बसून हसताहेत. "मायबाई, कशी मानसं हायेत ही!" एक जण म्हणाली आणि तिनं पोरीला उचलून घेतलं. मी तिचं बोट बघितलं. त्यावर बारीकसा लाल ठसा होता. मला रडू फुटलं, आणि या वेळेला वेळ चुकली नव्हती.

आईनं आतून मीठ-मोहरी आणि मिरच्या आणून नातीची दृष्ट काढली. मूठ चुलीत टाकली. मिरचीचा ठसका लागून घर रिकामं झालं. मी एकटाच आत बसून होतो, कोणी का पळतंय याचा विचार करत.

आता आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि वेचणीच्या दिवसांत बायको अंधार पडेपर्यंत शेतात असते. म्हणून अंग तपासायचं काम मुलीनं आपणहून घेतलंय. शाळेत जायला लागली आहे, पण अंगात आजी भरलेली. मी आलो की ओसरीत बसवते. "पाय दाखवा बाबा."

परवा तिला टाचेत बाभळीचा काटा सापडला. मोडून आत गेलेला, जुना. मी म्हणालो, राहू दे, तुझी आई येईल. तिनं ऐकलं नाही. आजीची ती सेफ्टीपिन कोनाड्यातून घेतली, दिवा जवळ ओढला आणि माझी टाच मांडीवर घेतली. मी सवयीनं शेंगदाणे हातात घेतले होते, ते खाली ठेवले.

ती हळूहळू कोरत होती. काट्याचं टोक दिसलं तसं तिनं ते नखांत धरलं. मग दात आवळले, डोळे मिटले आणि ओढला. "स्स्," ती म्हणाली, "अवो माय."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. बरंच दुखलं होतं.